पाठीवरच्या पायऱ्या

माझे बाबा गाई भादरतात. प्रदर्शन जवळ आलं की आसपासच्या सगळ्या गोठ्यांतून त्यांना बोलावणं येतं, कारण त्यांची मशीन फिरली की वाकड्या पाठीची गायसुद्धा सरळ दिसते. माझ्या कालवडीला मात्र त्यांनी बोट लावलं नाही. "मुलांच्या गटात सगळं काम मुलांनीच करायचं. नियम म्हणजे नियम," असं म्हणून त्यांनी जुनी मशीन माझ्या हातात दिली.

आधी मी आमच्या शेळीवर हात साफ करून घेतला. त्यानंतर बरेच दिवस ती मला पाहिलं की तोंड फिरवायची. कालवड तिच्याहून हट्टी. दावं धरून चालायला शिकवताना तिने मला शेणात किती वेळा लोळवलं, त्याला गणतीच नाही. शाळेआधी गोठा, शाळेनंतर गोठा. "स्वतःचे केस विंचरायला वेळ नाही, तिला मात्र दोनदा खरारा," आई म्हणायची. पण पहिल्या नंबराला मोठ्या प्रदर्शनात जाता येणार होतं, आणि मला दुसरं काही नकोच होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी शेवटी रिंगणात आम्ही दोघंच उरलो, मी आणि डेअरीवाल्यांचा मुलगा. त्याला आम्ही छोटे मालक म्हणायचो. त्याची कालवड पुढे आणि तो मागून फरफटत. दावं कोणत्या बाजूने धरायचं हेही त्याला ठाऊक नव्हतं. मला मनातल्या मनात हसू येत होतं. मग ती वळली आणि तिची पाठ माझ्यासमोर आली.

शेपटीच्या मुळाशी केस उलटे फिरवलेले, कमरेवरचा खड्डा भरून निघेल एवढेच उभे ठेवलेले. असं करणारा एकच माणूस मला माहीत होता. तो कुंपणाला टेकून स्वतःच्या बुटांकडे पाहत होता.

"ही कोणी भादरली?" परीक्षकांनी विचारलं.

"मीच," छोटे मालक म्हणाले.

"शाब्बास." मग ते माझ्याकडे वळले. "तुझी चालते छान, पोरी. पण पाठीवर नुसत्या पायऱ्या पडल्यात. मेहनत कमी पडली. बघ, हात असा बसायला हवा." आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "कोणाची काही हरकत?"

अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. पण मी बोलले असते तर छोटे मालक नामानिराळे राहिले असते आणि बाबांना पुन्हा कुठल्या गोठ्यात कोणी उभं केलं नसतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. मी नकारार्थी मान हलवली.

आम्ही कालवड टेम्पोत चढवली. घर जवळ आलं तसे बाबा म्हणाले, "मालक स्वतः आले होते. त्यांना नाही कसं म्हणायचं?"

मला नाही म्हणणं त्यांना किती सोपं गेलं होतं. मला त्यांचा संताप आला, आणि त्याहून जास्त त्या जुन्या मशीनचा.

आई दारातच उभी होती. "काय झालं?"

"दुसरी आली," बाबा म्हणाले. "पण स्वतःच्या हिमतीवर."

"आणि बाबा पहिले आले," मी म्हणाले.

आई हसली. तिला वाटलं, मी थट्टा करतेय. बाबा कालवड सोडायला वाकले, आणि बराच वेळ त्यांना दाव्याची गाठ सुटेना.