माणसांसाठीची इंग्रजी

खडकांची इंग्रजी मोरोसाहेबांना येत होती. माणसांची येत नव्हती. दुष्काळात पाणी शोधायला फ्रान्सहून आलेला हा माणूस उमापुरात सगळ्यालाच गुड म्हणायचा. भाकरी गुड, बैल गुड, वच्छला गुड.

वच्छला बौद्धवाड्यातली, बी.ए. झालेली, त्यांची दुभाषी. सोसायटी एकाला औरंगाबादला भूजलाच्या शिक्षणाला पाठवणार होती. चेअरमन आबासाहेबांचा पुतण्या जालिंदर, नाहीतर ती. सोमवारच्या सभेत साहेबांचं मत विचारणार होते. नुसत्या गुडवर आपण घरी बसणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कोरड्या विहिरीच्या काठावर तिनं साहेबांची शिकवणी सुरू केली.

स्टुडियस.
हा लगेच जमला, त्यांच्या भाषेत जवळचाच शब्द होता. तिच्याकडं बोट करून म्हणाले, तू. तिनं नकार दिला. परीक्षा आली की जालिंदरही अभ्यासू व्हायचा.

बुकिश.
पुस्तकाबाहेर पाय न टाकणारा. उदाहरणार्थ पंडित गुरुजी, भर दुष्काळात पोरांकडून पावसाळ्यावर निबंध लिहून घेणारे.

वेल-रेड.
भरपूर वाचलेला. उदाहरणार्थ तिचे वडील. पुडीचा कागदही वाचल्याशिवाय टाकत नसत.

स्कॉलर.
एखादा विषय ज्याला तळापर्यंत कळतो, आणि तरी जो विचारत राहतो. उदाहरण?
तिनं स्वतःकडं बोट केलं. आणि ते खाली घेतलं नाही. तीन महिने ती साहेबांना प्रत्येक विहिरीचे थर विचारत आली होती. साहेबांनी शब्द तोंडात घोळवला आणि हो म्हणाले.

सोमवार.
साहेब उठून इंग्रजीत बोलले, त्यात स्कॉलर होता. तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं, की हे मराठीत तिलाच सांगायचंय. मुलगी बरी आहे, एवढं म्हणून खाली बसता आलं असतं.

"साहेब म्हणतात, वच्छला विदुषी आहे. इथल्या पाण्याचं ज्ञान तिच्याइतकं गावात कुणाला नाही."

सभेत खसखस पिकली. आबासाहेब मिशीत हसले. "त्ये म्हनले, का तूच म्हनतीस, पोरी?"

"साहेबांनाच इचारा."

"इचारायला तरी तूच लागतीस की."

सगळे हसले. ती उभीच राहिली.

"मंग असं धरा, आबासाहेब. साहेब म्हनले, आन मीबी म्हनते. समोरची हीर कशानं आटली, आमा दोघांनाबी इचारा. आधी जालिंदरला."

"पाऊस न्हाई झाला," जालिंदर जाजमाकडं बघत म्हणाला. आबासाहेबांनी त्याला पुढचं सांगायला पुरेसा वेळ दिला, जरा जास्तच. मग सेक्रेटरीकडं वळून म्हणाले, "बाईचं नाव लिव्हा."