चौदाव्या गणिताचं उत्तर

मित्रांनो, मी एक जुनं गणितांचं पुस्तक आहे आणि माझ्यामुळे एका माणसाचा पाय कामातून गेला. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्हाला वाटेल, पुस्तक बोलतंय म्हणजे आता ज्ञानाचा महिमा वगैरे सांगणार.

माझ्यात भौतिकशास्त्राची सरावाची गणितं आहेत. तारा ताणायची, बंद डब्यातली हवा तापवायची, लंबक झुलवायची. बारावीच्या पोरांनी माझ्यावर डोकं फोडावं, म्हणून मला छापलं. छापखान्यातून मी गठ्ठ्यात बांधून एसटीने शहाद्याला आलो. तिथल्या एका मुलाने मला विकत घेतलं, पहिल्या पानावर फुलाफुलांच्या अक्षरात स्वतःचं नाव टाकलं आणि पुन्हा म्हणून उघडलं नाही. तो पुढे कापडदुकानात बसला. मग कुणाच्या तरी वाढदिवशी ग्रंथदान झालं, त्यात मी म्हसावदच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका आश्रमशाळेत येऊन पडलो. तिथे माझं स्वागत वाळवीने केलं. तिलाही गणितात रस नव्हता. तिने फक्त मागची उत्तरांची पानं खाल्ली.

शाळेने मला दुरुस्तीला पाठवलं. शहाद्याला स्टँडजवळ रतिलाल बाइंडर बसायचे. लग्नाचे अल्बम, दुकानाच्या वह्या, पोथ्या, जे येईल ते शिवायचे. त्यांच्याकडे माझ्याच नावाचं, माझ्याच हिरव्या कव्हरचं दुसरं एक फाटकं पुस्तक पडलेलं होतं. त्याची मागची पानं शाबूत होती. रतिलालभाईंनी ती काढली आणि मला शिवली. टाका एकदम पक्का. आजवर एक दोरा सुटलेला नाही.

फक्त ते पुस्तक दुसऱ्या सालचं होतं. धडे तेच, पण गणितांचा क्रम वेगळा. म्हणजे पोट माझं आणि पाठ दुसऱ्याची. वर त्या उत्तरांपुढे सेकंद, किलो, अंश असलं काही छापलेलंच नव्हतं. नुसते आकडे. कुठलाही आकडा कुठेही बसावा अशी सोय.

शाळेत भौतिकशास्त्राच्या सरांची जागा पाच वर्षं रिकामी होती. पितांबर सर इतिहासाचे. त्यांना सांगितलं, तुम्ही तात्पुरतं बघा. सर वाईट नव्हते. मुलांवर हात उचलायचे नाहीत, आजारी पोराला स्वतःच्या मोटारसायकलवर दवाखान्यात न्यायचे. पण त्यांची एक पद्धत होती. आधी मागचं उत्तर बघायचं, फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात लिहायचं, त्याला चौकट करायची, आणि मग वरून गणित सुरू करून त्या चौकटीपर्यंत कसंही करून पोचायचं. इतिहासात चालतं ते. लढाई कोण जिंकलं हे आधीच माहीत असतं.

लंबकाचं गणित आलं. एक मीटर दोरीचा लंबक एकदा जाऊन परत यायला किती वेळ घेतो? दोन सेकंद घेतो. माझ्या मागे छापलं होतं पाच. सरांनी खिडकीच्या गजाला दोरी बांधली, खाली दगड लावला आणि मुलांना मोजायला लावलं. दोनच्या वर आकडा जाईना. मग सर म्हणाले, घाई नको, हळू मोजा. मुलं हळू मोजायला लागली. एक आणि दोन यांच्यामध्ये श्वास घ्यायला लागली. असं करत करत अख्ख्या वर्गाने पाचवर आणून दाखवलं. सरांना फार आनंद झाला.

मग हवेचं गणित. सकाळी चेंडूत हवा भरली, दुपारी ऊन वाढलं, तर दाब किती पट होईल? जेमतेम थोडासा वाढतो. मागे छापलं होतं चार. खेळाच्या सरांनी ते वाचलं आणि घाबरले. तेव्हापासून शाळेचा फुटबॉल सकाळी पाव भरला जायचा, दुपारी आपोआप चौपट होईल म्हणून. तालुक्याच्या सामन्यात आमची पोरं त्या पापडाला लाथा मारत अख्खा सामना पळाली. सात गोलांनी हरली. तरी फुटबॉल फुटला नाही, यावर खेळाचे सर समाधानी होते.

हसा, मित्रांनो. मीही तेव्हा हसलो होतो.

रविना हसत नव्हती. ती डोंगरातल्या पाड्यावरची. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातला जायचे, ही वसतिगृहात राहायची. वर्गात बाकीचे चौकटीतलं उत्तर उतरवून घ्यायचे. ही एकटी आधी गणित सोडवायची आणि मग मागे बघायची. आणि दर वेळी चुकायची. म्हणजे तिला वाटायचं चुकली. दोन आणलं की मागे पाच. थोडंसं आणलं की मागे चार. पुन्हा पहिल्यापासून करायची. तेच यायचं. माझ्या समासात ती बारीक पेन्सिलीने उत्तरं लिहायची. सगळी बरोबर. मागे बघितलं की खोडरबर घ्यायची आणि स्वतःचं बरोबर उत्तर खोडायची. मला तोंड असतं तर ओरडलो असतो. पण मला तोंड नाही, फक्त पाठ आहे, आणि तीही माझी नाही.

एकदा तिने मैत्रिणीला, सोनमला सांगितलं, की मला हे जमत नाही बहुतेक, परीक्षेचा फॉर्म भरू का नको. पुढे शिकायचं होतं तिला. सोनम म्हणाली, तू जास्त डोकं लावते, सर लिहितात ते लिही ना.

चौदावं गणित असं होतं. एक मिलिमीटर जाडीची पोलादी तार. पोलादाची ताकद दिलेली. किती किलो वजन लावलं की तार तुटेल? रविनाने काढलं बत्तीस. मागे छापलं होतं तीनशे.

सरांनी फळ्यावर चौकटीत तीनशे लिहिलं आणि वरून सुरुवात केली. तेही आले बत्तीसवर. थोडा वेळ खडू हातात फिरवला. मग जाडीलाच त्रिज्या धरली, म्हणजे आले एकशे अठ्ठावीस. मग त्याला दोन पूर्णांक चौतीस शतांशाने गुणलं. हा आकडा कुठून आला असं कुणी विचारलं नाही, पण सरांनी स्वतःच सांगितलं, हा आपल्या भागातल्या पोलादाचा स्थिरांक. मुलांनी वहीत लिहून घेतला. रविनाने माझ्या समासातलं बत्तीस खोडलं. इतकं जोर लावून खोडलं की तिथला कागद पातळ झाला.

त्या हिवाळ्यात वरचे मोठे साहेब विज्ञान प्रदर्शन बघायला येणार असं कळलं. प्राचार्यांनी सांगितलं, काहीतरी जिवंत प्रयोग पाहिजे, थर्माकोलचे ज्वालामुखी नकोत. पितांबर सरांना कल्पना सुचली. अंगणातल्या कडुनिंबाला झोका टांगायचा. पण दोरखंडाने नाही, दोन बारीक तारांनी, लांबून दिसणारच नाहीत अशा. साहेब बसतील, अधांतरी झुलतील, मुलं मोठ्याने दोलनं मोजतील. शाळेत तारेचं एक भेंडोळं पडलेलंच होतं. जाडी एक मिलिमीटर. सरांनी मला उघडून बघितलं. एका तारेचे तीनशे, दोनाचे सहाशे. साहेब शंभराच्या आतले. सर म्हणाले, साहेबांबरोबर त्यांचे पाहुणे पण बसतील.

आदल्या दिवशी दुपारच्या सुट्टीत झोका तयार झाला. फळी जड होती, आठ किलोची. आधी कुणीतरी बसून बघायला पाहिजे होतं. आमशाकाकांना हाक मारली. आमशाकाका शाळेचे शिपाई. घंटा देणं, पाणी भरणं, रात्री रडणाऱ्या लहान पोरांना गप्प करणं, सगळं तेच. चौपन्न किलोचा माणूस.

काकांनी तार बोटांनी चाचपली. म्हणाले, "सर, ही तर सुतळीवानी दिसते."

सर घाईत असले की घरच्या बोलीवर यायचे. "बठ रे आमशा, काय व्हत नही. गणित करेल शे." म्हणजे गणित केलेलं आहे.

रविना मला छातीशी धरून उभी होती. तिने मनातल्या मनात केलं ते मला जाणवलं. दोन तारांचे चौसष्ट. काका आणि फळी मिळून बासष्ट. नुसते बसले तर कसंबसं. झुलले तर नाही, कारण झोका खाली येतो तेव्हा तारेला जास्त ओढ बसते. हेसुद्धा माझ्यातच आहे, पुढच्याच धड्यात.

ती पुढे आली. "काका, नका बसू. माझं चौसष्टच येतं."

 काका फळीजवळ थांबले. सर चिडले नाहीत, उलट शांतपणे म्हणाले, "मांगे काय छापेल शे? वाच. मोठ्याने वाच."

तिने माझी मागची पानं उघडली.  मी माझी पानं एकमेकांना चिकटवून बघितली, पण रतिलालभाईंचं काम पक्कं. पान बरोबर उघडलं.

"तीनशे," ती म्हणाली.

काकांनी तिच्याकडे बघितलं. मग बसले.

आणि तार टिकली. काका अधांतरी बसलेले, पोरं टाळ्या वाजवतायत, सर हसून रविनाला म्हणतायत, "दिखनं ना?" तिनेही मान हलवली. मग सरांनी पाठीमागून एक झोका दिला. दुसरा दिला. तिसऱ्याला तार वाजली, बारीक, ताटलीला नख लागावं तशी. कडुनिंबाच्या पाराला सिमेंटची कड होती. काका पडले ते नेमके त्या सिमेंटवर.

 काकांचा उजवा पाय गुडघ्याच्या वर भलत्याच दिशेला वळला होता, आणि ते त्याच्याकडे असं बघत होते जणू दुसऱ्या कुणाचा आहे. सरांनी आपल्या शर्टाने तो बांधला. गाडीने शहाद्याला नेलं. पायात पोलादी सळई घातली. किती जाडीची ते मला कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. मुलांनी दगडाचा लंबक झुलवला आणि हळू मोजून पाच आणून दाखवले. साहेबांनी शाबासकी दिली. कागदावर असं लिहिलं गेलं, की शिपाई परवानगीशिवाय फांद्या तोडायला झाडावर चढला आणि पडला. त्या कागदावर काकांनी दवाखान्यातच सही केली. नोकरी कंत्राटाची होती. प्राचार्य म्हणाले होते, सही केली तर बसून करायचं काम देऊ.

दीड महिन्याने काका शाळेमागच्या खोलीत परत आले. रविना मला घेऊन त्यांच्याकडे गेली.  तिने ऊसतोडीवरून आईबापाने पाठवलेला गूळ पुढे ठेवला.

काका म्हणाले, "तुझं किती आलं होतं?"

"चौसष्ट. सांगितलं होतं ना."

"मग नंतर तीनशे का म्हणालीस?"

"तेच छापलं होतं, काका."

काकांनी पायावरचं फडकं सारखं केलं. "पुस्तक मला वाचता येत नाही, पोरी. मी तुझ्याकडे बघून बसलो होतो."

ती उठली. बाहेर येऊन पायरीवर बसली आणि माझी मागची पानं फाडायला लागली. एकेक करून. टाका पक्का होता, दोरा तिच्या बोटात रुतला, तरी थांबली नाही. मला लागलं. खोटं कशाला बोलू, फार लागलं. पण आयुष्यात माझी अशी काळजी पहिल्यांदाच कुणीतरी घेतली.

वर्गात चौकशी झाली. ती उभी राहिली. पितांबर सर म्हणाले, आता मुलांना आपलं बरोबर आलं की चूक, कळणार कसं?  रविना खिडकीतून बाहेर बघत होती. कडुनिंबाला तारेचे दोन तुटके तुकडे अजून लोंबत होते, कुणी काढले नव्हते. एकेक करून सगळा वर्ग तिकडे बघायला लागला. शेवटी सरांनीही बघितलं. मग त्यांनी खडू ठेवला आणि तास संपायला वीस मिनिटं असताना निघून गेले.

तरी नियम म्हणजे नियम. पुस्तक फाडलं म्हणून रविनाचं ग्रंथालय बंद झालं. आणि प्राचार्यांनी फाडलेली पानं जमवली, त्यांची झेरॉक्स काढून रतिलालभाईंकडून मला पुन्हा शिवून घेतलं. आता ती आणखी पांढरीशुभ्र आहेत. जास्त खरी वाटतात.

परीक्षेचा फॉर्म मात्र तिने भरला. आता सोनम मला नेते, वसतिगृहाच्या ओट्यावर मोठ्याने गणित वाचते आणि रविना जुन्या कागदांच्या पाठीवर सोडवते. सोनम विचारते, मागचं सांगू? ती नको म्हणते. पास होईल की नाही मला माहीत नाही. पेपर तपासणाऱ्याकडे कुठल्या सालची उत्तरं असतील, काय सांगावं.

काकांना ग्रंथालयाच्या दाराशी स्टूल मिळालं. कुबडी भिंतीला टेकवून बसतात आणि पुस्तकं देतात. मला कुणी न्यायला आलं, की आधी मागच्या पानांवर हात दाबून ठेवतात आणि विचारतात, "तुझं किती आलं?" पोराने काही आकडा सांगितला की मगच सोडतात. आकडा बरोबर की चूक, त्यांना कळत नाही. ते फक्त पोराच्या तोंडाकडे बघतात.

मित्रांनो, मला कव्हर घालू नका, धूळ झाडू नका, माझ्यात मोरपीस ठेवू नका. एवढंच करा. माझ्या मागे बघायच्या आधी तुमचं उत्तर माझ्या समासात लिहा, आणि पेनाने लिहा. चौदाव्या गणिताशेजारी बोट लावून बघा. कागद तिथे इतका पातळ झालाय, की पलीकडची अक्षरं दिसतात. तिथे बत्तीस होतं.