कानबाईच्या सोमवारी लागलेला डाव

कोणी विश्वास ठेवणार नाही, पण नरडाण्याच्या झुलालभाऊंना मोबाइलवरच्या बुद्धिबळात सबंध फैजपुरात एकाच प्राण्याने हरवलंय, आणि तो प्राणी मी नव्हे. अभिमन, चहा टाक. मग सांगतो.

आमचं खेळणं सावकाशीचं. एका चालीला तीन दिवस. तेवढ्यात समोरच्याने चाल केली नाही, की आपल्या मोबाइलवर हिरवं बटण उगवतं: 'विजय घ्या'. दाबलं की डाव आपला. नाही दाबलं, तर समोरचा उशिरा येऊनही खेळू शकतो. हा झाला नियम. आमच्या बुद्धिबळ मंडळाची रीत मात्र वेगळी. आधी 'राम राम' पाठवून विचारायचं, वाट पाहायची, आणि समोरच्याच्या घरी श्रावणातली कानबाई देवी बसलेली असली तर त्या बटणाकडे बघायचंसुद्धा नाही. ही रीत घालून दिली झुलालभाऊंनीच.

इथेच माझ्या पोटात दुखतं. मोतीबिंदूच्या वेळी माझी वेळ संपली, तर हा माणूस माझी पट्टी सुटेपर्यंत थांबला. पट्टी सुटली, मी खेळलो आणि हरलो. मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर सगळे काय म्हणाले? 'झुलालभाऊंसारखा माणूस नाही.' आमची सुंदरबाई सोंगट्यांना बाहुल्या म्हणते, पण तीही माझ्या ताटात भरीत वाढता वाढता म्हणाली, "माणूस असावा तर असा." ते भरीत मला गेलं नाही. एवढी वर्षं माझ्याबद्दल ती असं कधी बोलली का? हरवायचं तर हरवावं माणसाने, वर चांगलंही कशाला वागावं?

तर यंदाच्या श्रावणातला डाव. माझे दोन्ही हत्ती गेलेले, राजा कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. आणि झुलालभाऊंकडे कानबाई बसली. पाहुणे, प्रसादाचे रोट, गाणी. त्यांची चाल राहून गेली. सोमवारी तिकडे विसर्जनाची मिरवणूक निघाली असेल, इकडे मी केळीच्या बागेत मोबाइल बांधावर ठेवून बसलेलो. हिरवं बटण उगवलं. देवाशपथ सांगतो, मी तोंड फिरवलं.

तेवढ्यात सातपुड्याकडून एक वानर आलं.

"वानर?" अभिमनने गाळणी तशीच हातात धरली.

"चांगलं कमरेएवढं. मध्ये बोलू नको. मोबाइल मांडीवर घेऊन ते डाव बघायला लागलं. झुलालभाऊंचा घोडा पाहून त्याने मान डोलावली. माझा राजा पाहून कपाळाला हात लावला. मी म्हटलं, बाप्पा, हात लावू नको, कानबाई बसलीय त्यांच्याकडे! त्याने केळं संपवलं, माझ्या उपरण्याला बोटं पुसली आणि दाबलं ना बटण!"

"अन तुम्ही?"

"मी काय करणार? रडकुंडीला आलो."

पुढे ही बातमी गटावर कशी गेली कोण जाणे. बोंबाबोंब झाली. चाळीसगावच्या नवलने माझ्याशी चालू असलेला डाव सोडून दिला. दुसऱ्याने 'राम राम'लाही उत्तर दिलं नाही. आणि झुलालभाऊ? एका शब्दाने रागावले असते तर मी सुखाने जेवलो असतो. पण त्यांनी लिहिलं, 'जितनात भाऊ! रोट खावाले या.' आता रोट भावकीशिवाय कोणाला देत नाहीत, हे काय त्यांना ठाऊक नाही? तर खाली पुन्हा, 'तुम्ही माले भाऊच शेतस.'

सुंदरबाईने ते वाचलं आणि पदर डोळ्याला लावला. त्यांच्यासाठी! डाव मी जिंकला... म्हणजे वानराने जिंकला, आणि मोठे पुन्हा तेच झाले.

"म्हणून म्हणतो अभिमन, तूही मंडळातला. तू झुलालभाऊंच्याच शिंदखेड्याकडचा, तुझ्या शब्दाला तिकडे मान आहे. गटावर एवढंच लिही, की रुपचंदभाऊंचा हात बटणाला लागला नाही. नाहीतर माझ्याशी कोणी डाव मांडणार नाही रे."

अभिमनने चहा माझ्यापुढे ठेवला. हात पुसले. खिशातून मोबाइल काढला, गटावर बोटाने वर वर जात त्या सोमवारपर्यंत पोचला आणि पडदा माझ्या नाकासमोर धरला. मग टपरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"आबा, वानरनी बटन दाबं, मानं मी. पन लगेच 'झुलालले पानी पाजं' आसं लिखीसन केळीना बागमा हसता हसता हाऊ फोटो कोनी टाका? याले तं शेपटी नही दिखत!"