टॉवेलवरची बंदूक

डावीकडून उजवीकडे

थोरलीची पद्धत ठरलेली. जुना टॉवेल अंथरायचा. बंदुकीचा जो भाग आधी निघेल तो डावीकडे, पुढचा त्याच्या उजवीकडे. जोडताना उलट. टॉवेलवर काही उरलं तर चुकलं. नेमबाजीच्या क्लबात सगळ्यांनी तिची थट्टा करून पाहिली आणि मग गुपचूप आपापल्या घरून टॉवेल आणले.

बंदूक सासऱ्यांची, सेमी-ऑटोमॅटिक. एक बार उडाला की त्याच्याच वायूच्या जोरावर रिकामं काडतूस फेकून देते आणि दुसरं आपण होऊन भरते. लग्न होऊन आल्यापासून ती साफ करायची थोरलीनं आणि स्पर्धेत चालवायचीही थोरलीनंच. मग धाकटी जाऊ आली. तिनं गंमत म्हणून हात लावला आणि उडत्या मातीच्या तबकड्यांचा भुगा करून दाखवला. सासरे हरखून गेले.

"यापुढे धाकटी खेळेल," ते म्हणाले. "पण थोरले, साफ तूच करायची हं. तुझ्यासारखा हात कुणाला नाही."

कौतुकच होतं ते. थोरलीला मात्र ते काट्यासारखं सलत राहिलं.

टोपी

आज अंतिम फेरी, आणि आता मधली सुट्टी. पहिल्या सत्रात बंदूक दोनदा अडली. पहिली तबकडी फुटली, दुसरी ऐटीत निघून गेली, कारण दुसरं काडतूस वर आलंच नाही. पंचांनी दोन्ही वेळा सूट दिली. तिसऱ्यांदा मिळणार नाही, असंही बजावलं. सासऱ्यांनी मागे वळून थोरलीकडे पाहिलं.

शस्त्रांच्या खोलीत तिनं बंदूक रिकामी आहे ना, हे डोळ्यानं आणि मग बोटानं तपासलं. नळीला जागी धरून ठेवणारी पुढची टोपी फिरवली. फिरेना.

ती थांबली. इतकी करकचून ती कधीच आवळत नाही. हा हात आपला नाही.

नळी, मग पिस्टन

नळी निघाली. तिच्या खालच्या कड्यात बारीक भोकं असतात, त्यांतूनच वायूचा जोर पिस्टनला मिळतो आणि त्याच्या धक्क्यानं पुढचं काडतूस वर येतं. भोकं मोकळी होती, कालच तिनं तारेनं कोरलेली. पण पिस्टन जागचा हलेना. ओढला तर काळा, चिकट, डांबरासारखा. पिस्टन ज्यावर सरकतो त्या आतल्या नळकांड्यावर कुणीतरी सढळ हातानं तेल ओतलं होतं. जिथं थोरली नुसतं कोरडं फडकं फिरवते, नेमकं तिथं. तेलात काजळी बसली आणि पिस्टन पाय ओढत चालू लागला.

थोरलीला बरं वाटलं. खोटं कशाला, आनंदच झाला. आता फक्त टोपी लावायची आणि बंदूक आहे तशी परत द्यायची; तिसऱ्यांदा अडली की धाकटी हरलीच.

मध्येच

"ताई?"

दारात धाकटी, बाराच्या आवाजासाठी लावायचे कानरक्षक गळ्यात लोंबताहेत.

"तेल तू घातलंस?"

"...हो. काल, तुम्ही साफ करून गेल्यावर."

"कुणी सांगितलं होतं नाक खुपसायला?"

"वाटलं, एकदा तरी माझा हात लागावा. जेवताना बाबा तुमच्याशी काय बोलतात? ही स्प्रिंग थकली, तो आवाज बदललाय. तासभर! आणि माझ्याशी? किती फुटल्या. बास. नाही फुटल्या तर मीठ सरकव इकडे."

थोरलीनं हसू दाबलं.

"बंदूकसुद्धा तुमचंच ऐकते, मेली."

"तू? माझ्यावर जळतेस?"

"मग काय, तुमच्या नेमावर जळू?"

लागलं. पण लागता लागता आत कुठेतरी ऊबही आली. इतकी वर्षं वाटत होतं, आपल्या वाट्याला नुसतं घासणंपुसणं उरलं. त्याच्यासाठीही कुणी चोरून आत शिरत असेल, तर मग ते आपण आपल्या हातानं कसं बिघडू द्यायचं?

उजवीकडून डावीकडे

तिनं हातात घेतलेली टोपी पुन्हा टॉवेलवर ठेवली. नळकांडं द्रावणानं धुतलं. पिस्टन चमकेपर्यंत घासला. काडतूस आत ढकलणाऱ्या बोल्टच्या कडांना तेवढा तेलाचा थेंब.

"शिकवा ना," धाकटी पुढे वाकली.

"तिकडे बघ."

"कुठे?"

"भिंतीकडे."

"भिंतीवर काय आहे?"

"काही नाही. बघ."

धाकटी वळली. तिच्या पाठीमागे थोरलीनं कोरडं फडकं फिरवलं, हवं तिथं थांबली. पिस्टन, नळी, टोपी. टोपी बेतानं. टॉवेल रिकामा.

दुसऱ्या सत्रात बंदूक एकदाही अडली नाही. धाकटी जिंकली. टाळ्या, फोटो, सासऱ्यांचे डोळे ओले. थोरलीला सगळं पूर्वीइतकंच झोंबलं.

गर्दी पांगल्यावर सासरे तिच्याजवळ आले. "काय झालं होतं गं?"

"तेल जास्त झालं होतं."

"तुझ्याकडून? शक्यच नाही. दुसऱ्या कुणी हात लावला का?"

पलीकडे धाकटीनं श्वास रोखला.

"छे," थोरली म्हणाली. "माझाच हात जड पडला. दुसरं कोण हात लावणार तिला?"