ओळख सांगून घेऊन जावी

मंगळवारी सकाळी सहादूचा फोन आला तेव्हा निवृत्ती नाशिकच्या दवाखान्यात खालच्या मजल्यावर कागदांवर सह्या करत होता.

"आरं निवृत्ती, बाईंनी आज फळा लिहिला नाय. सोमवारचीच तारीख हाय. लोकं विचारू राहिले, पाणी कधी येणार म्हणून."

"आज नाही लिहिणार ती."

"का? बरं नाय का?"

"गेली. पहाटे गेली."

फोनमध्ये सहादूच्या चहाच्या गाड्यावरचा स्टोव्ह फरफरताना ऐकू येत होता. मग त्याने फोन ठेवला आणि गाड्यासमोर उभ्या असलेल्या माणसांना सांगितलं. पिंपळगावला निवृत्तीची बायको कुसाबाई गेल्याचं कळलं ते असं.

वाचनालयाच्या भिंतीवरचा तो फळा कुसाबाई एकोणीस वर्षं लिहीत होती. अंगणवाडीच्या नोकरीतून सुटल्यावरही तिने तो सोडला नाही. रोज सकाळी सातला ती खडूचा डबा घेऊन जायची. पाण्याची वेळ, कांद्याचा भाव, कुणाचं निधन, कुठे डोळे तपासणीचं शिबिर, सगळं तिच्या गोल अक्षरात. आता गावात पाच-सहा व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, पण त्या ग्रुपवरही कुणीतरी सकाळी फळ्याचाच फोटो टाकायचा. बाईंनी लिहिलं म्हणजे खरं, असं लोक म्हणायचे.

सोमवारी फळा लिहून ती घरी आली आणि दुपारी छातीत दुखतंय म्हणाली. निवृत्तीने शेजारच्या नजीरचा टेम्पो काढायला लावला. पुढचं सगळं इतक्या घाईत झालं, की त्याला ते अजून ओळीने सांगता येत नाही. कुठलं आधी आणि कुठलं नंतर, याचाच गोंधळ होतो.

फळा त्या दिवशी वाचनालयाच्या भारतने पुसला. कुसाबाईच्या निधनाची बातमी त्यानेच लिहिली. पण खालची एक ओळ त्याने तशीच ठेवली, कारण ती पुसायची नाही हा बाईंचाच नियम होता.

'एक वस्तू सापडली आहे. ओळख सांगून घेऊन जावी. – कुसाबाई.'

वस्तूचं नाव ती कधीच लिहायची नाही. नाव लिहिलं की अर्धं गाव माझीच म्हणून येईल, असं तिचं म्हणणं. ज्याची असेल त्याने घरी यायचं, काय हरवलं ते आपण होऊन सांगायचं आणि जुळलं तर घेऊन जायचं. वस्तू मालकाला मिळेपर्यंत ओळ फळ्यावर राहायची. चष्मे, चाव्या, एकदा तर कवळीसुद्धा अशी परत गेली होती. घरी कोण येतं, काय नेतं, इकडे निवृत्तीने कधी लक्ष दिलं नाही. तो पॅकहाउसमध्ये द्राक्षांच्या पेट्या भरणाऱ्यांवर मुकादम होता. संध्याकाळी घरी आला की जेवायचा आणि झोपायचा.

आता ती ओळ होती, आणि वस्तू कोणती हे सांगणारं कुणी नव्हतं.

तेराव्यानंतर मुलगी पल्लवी पुण्याला परत गेली आणि माणसं यायला लागली. सुतकात कसं विचारायचं म्हणून थांबली होती. एक जण छत्रीसाठी आला. एक म्हातारे हेल्मेटसाठी आले. ते मुलाचं होतं आणि दोन वर्षांपूर्वी हरवलं होतं. निवृत्ती प्रत्येकाला बसवायचा आणि घर शोधायचा.

शोधताना त्याची पंचाईत व्हायची. माळ्यावर एक निळा टॉर्च निघाला. हा आपला की सापडलेला? देवळीत एक चष्मा होता, तो कुसाबाईचा नक्की नव्हता. पण मग कुणाचा? ओट्याखाली एका पातेल्यावर भलत्याच बाईचं नाव कोरलेलं निघालं. त्याने ते उचलून समोरच्या घरी नेऊन दिलं, तर समोरची म्हणाली, "अहो, ते तुमच्याकडंच असतं. माझ्याकडं तुमचं आहे." तो पातेलं घेऊन परत आला. चाळीस वर्षं ज्या घरात राहिलो त्यात आपलं काय आणि परक्याचं काय, हे आपल्याला सांगता येत नाही, हे त्याला त्या आठवड्यात कळलं.

"तू कशाला जिवाला त्रास करून घेतो?" सहादू म्हणाला. "दे पुसून. लोकं काय तुला धरणार नाय."

"तिने लिहिलंय ना, घेऊन जावी म्हणून."

"मग छत्रीवाल्याला एक छत्री दे. तुझं पण काम झालं, त्याचं पण."

"तिने असं केलं असतं का?"

सहादूने चहा गाळला. "नाय केलं," तो म्हणाला. "मला एकदा माझाच रुमाल दिला नाय. कोपऱ्यात काय भरलंय ते सांग म्हने. मला कुठं ठाऊक, बायकोने भरलेलं!"

कुडी सापडली ती शनिवारी. आरशामागच्या वाटीत सेफ्टी पिना, टिकल्यांचं पाकीट, तुटलेल्या माळेचे मणी असं काय काय होतं. त्याच्या तळाशी एक मोत्याची कुडी होती. एकच. निवृत्तीने ती तळहातावर घेतली आणि खिडकीशी नेऊन पाहिली. सापडलेली वस्तू हीच असणार, असं त्याला वाटलं. लगेच वाटलं, ही कुसाबाईची असली तर?

त्याने पल्लवीला फोन केला.

"आईला मोत्याच्या कुड्या होत्या का गं?"

"होत्या बहुतेक. म्हणजे कधी घालायची, कधी नाही. का हो?"

"काही नाही. सहज."

"आईचं मंगळसूत्र वगैरे नीट ठेवलंय ना तुम्ही?"

"आहे. कपाटात आहे."

रविवारी उज्वला आली. तिच्या सासरची द्राक्षबाग गावाला लागूनच होती, पण निवृत्ती तिला फक्त तोंडओळखीने ओळखत होता. डोक्यावरून पदर घट्ट ओढून ती दारातच उभी राहिली.

"काका, मला लाज वाटती विचारायला. पण फळ्याचा फोटो बघितल्यापासून जीव टांगणीला लागलाय."

"बसा. काय हरवलंय?"

"मोत्याची कुडी. त्या रविवारी वाचनालयापाशी बसची वाट बघत होते, तिथंच कुठंतरी पडली. सासूबाईंनी दिलेली आहे हो. अजून त्यांना सांगितलं नाही. तीन आठवडे झाले, घरात सुद्धा पदर घेऊन हिंडते. त्या शेजारणीला सांगतात, आमची सून एकदम वळणावर आली."

शहनाज तेव्हा भाजी घेऊन आली होती. नजीरची बायको; ब्लाऊज शिवायची आणि कुसाबाईच्या घरात स्वतःच्या घरासारखी वावरायची. ती खुदकन हसली. मग निवृत्तीकडे पाहून तिने हातातलं भाजीचं भांडं सावरलं.

उज्वलाने पदर सरकवला आणि उरलेली कुडी काढून दिली. निवृत्तीने वाटीतली तिच्याशेजारी ठेवली. सात मोती, मधला जरा मोठा, मागे तसाच मळसूत्री फिरकीचा दांडा. दोन्ही सारख्या. उज्वलाचा चेहरा उजळला.

"हीच काका!"

निवृत्तीलाही सुटल्यासारखं झालं. त्याने कुडी तिच्यापुढे केली. तेवढ्यात शहनाज म्हणाली, "दादा, एक मिनिट. बाईंकडं पण अशाच होत्या."

"अशाच?"

"एकाच सोनाराकडच्या. गावात निम्म्या बायकांकडं त्याच्या कुड्या आहेत, सगळ्या एका साच्यातल्या. बाईंनी घेतल्या तेव्हा मी सोबत होते ना. सोमवारी कानात काय होतं त्यांच्या?"

निवृत्ती आठवायला लागला. टेम्पोत तिचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. बोटांना खडू लागलेला होता, तो त्याच्या बाहीवर उमटला होता. पायात एकच चप्पल होती. "कांद्याचा भाव चुकला वाटतं माझा," असं ती ओझर ओलांडताना म्हणाली. हे सगळं त्याला दिसत होतं. कान दिसत नव्हता. चाळीस वर्षं समोर होता तो कान, आणि त्यात काय होतं ते त्याला सांगता येईना.

"मला नाही माहीत," तो म्हणाला.

"दवाखान्यातून त्यांचे दागिने दिले असतील ना?" शहनाजने हळूच विचारलं. "त्यात बघा. दोन कुड्या असल्या तर ही ताईंची. एक असली तर..."

दागिने दिले होते. त्या मंगळवारी नर्सने प्लास्टिकची पिशवी हातात दिली होती. वरून चिकटपट्टी गुंडाळलेली आणि पट्टीवर पेनाने कुसाबाईचं नाव. तो ती तशीच घरी घेऊन आला आणि कपाटात तिच्या साड्यांखाली ठेवली. मंगळसूत्र त्यातच होतं. पिशवी उघडली नव्हती, हे त्याने पल्लवीलाही सांगितलं नव्हतं.

तो उठला. कपाट उघडलं. साड्यांखाली हात घातला आणि पिशवी बोटांना लागली. तो तसाच थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने हात काढून घेतला आणि कपाट लावलं.

"उद्या बघतो," बाहेर येऊन तो म्हणाला.

उज्वलाने आपली कुडी कानात घातली. "सावकाश बघा काका. मला काही घाई नाही." घाई होती. दारातून बाहेर पडायच्या आधी तिने पदर पुन्हा कानांवर घट्ट ओढून घेतला, ते निवृत्तीला दिसलं.

ती गेल्यावर शहनाज म्हणाली, "मी उघडू का दादा? तुम्ही बाहेर बसा."

"नको."

"मग पल्लवीला बोलवा."

"बघतो म्हटलं ना."

शहनाजने भाजीचं भांडं ओट्यावर झाकून ठेवलं आणि ती गेली.

त्याला आज नऊ दिवस झाले. फळा आता भारत लिहितो. अक्षर वाकडं येतं म्हणून लोक त्याला चिडवतात, तो लिहितोच. सकाळी निवृत्ती सहादूच्या गाड्यावर चहाला जातो तेव्हा भारत हातात फडकं घेऊन विचारतो, "काका, बाईंची ओळ पुसू का? मिळाली का वस्तू मालकाला?" निवृत्ती म्हणतो, राहू दे.

परवा उज्वला रस्त्यात भेटली. ऊन नव्हतं, तरी पदर डोक्यावरून होता.

कुडी वाटीत आहे. पिशवी साड्यांखाली आहे. ती उघडायची राहिली आहे.