पाक कार्सिदींची दुरुस्ती

शिल्पातली पोकळी धातूइतकीच बोलकी असते. हे सत्य माझी बायको वेनिंग गेली वीस वर्षं मलांगच्या कॉलेजात शिकवते आहे. त्रोवुलान गावच्या पाक कार्सिदींपर्यंत (पाक म्हणजे आमच्याकडे काका) ते पोचलेलं नव्हतं. त्यांनी जन्मभर काशाचे बुद्ध ओतले, आणि बुद्धाला भोक राहिलं तर ते बुजवतात.

वेनिंगने मेणात घडवली होती तिची आई. म्हणजे तिच्या मते आई. मला खाली लंबगोल आणि वर त्रिकोण दिसायचा. कमरेवरचा हात आणि कूस यांच्यामध्ये मूठभर पोकळी. लहानपणी वेनिंग तिथूनच डोकं काढून पाहुण्यांकडे बघायची. आई गेल्या वर्षी गेली. प्रदर्शन दोन दिवसांवर आलं, तेव्हा आम्ही कार्सिदींकडे ओतलेली आई आणायला गेलो.

पोकळी नव्हती.

"ओतताना एवढं भगदाड राहिलं होतं," कार्सिदी म्हणाले. "घाबरू नकोस पोरी. नऊ दिवस कानस मारली. सांधा शोधून दाखव!"

वेनिंगने बोटं फिरवली. सांधा सापडला नाही.

दारात त्यांची लेक लास्त्री उभी होती. मेणावर माती तिनेच चढवली होती. म्हाताऱ्याच्या हाती शिल्प आलं ते थेट काशात.

"मी सासरी गेले होते हो ताई," ती पुटपुटली. "काय ते खरं सांगा. आता बाबा चुकले, तर त्यांना भट्टीला हात लावू द्यायचा नाही असं ठरलंय. डोळे गेलेत त्यांचे."

"डोळे गेलेत, कान आहेत," म्हातारा म्हणाला. त्याच्या हातातली कानस मात्र थांबली. "बोल पोरी. चुकलं का काही?"

माझ्या बायकोने उगाच कुणाच्या कामाला चांगलं म्हटलेलं नाही. माझ्या स्वयंपाकालाही नाही.

"पाक, ही माझी आई," ती म्हणाली. "तिला तिथूनच नेहमी गार वारं लागायचं. बरं केलंत."

"आई होय? मला वाटलं कोंबडी." कार्सिदींनी बुजवलेल्या जागेवर तळवा ठेवला. "या वयात कंबर झाकूनच ठेवावी. लास्त्री, यांच्या आईला नीट गुंडाळ गं. जाड चादर घे."

मलांगपर्यंत वेनिंगने ते गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं नाही. मी गाडी चालवली. तेवढं मला जमतं.

प्रदर्शनात शिल्पाचं कौतुक झालं. ओतकाम कुणाचं, असं विचारलं की वेनिंग कार्सिदींचं नाव सांगे. तिच्या दोन सहकाऱ्यांनी आपापली शिल्पं त्यांच्याकडेच पाठवली.

दोन्हींची भोकं बुजून आली.