टेबलापलीकडचं पत्र

सकाळपासून खिळेमास्तरांचा पाय एका जागी ठरत नव्हता. बावीस वर्षं छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणारा माणूस आज मतदारयादीत नाव घालायला रांगेत उभा होता, तोही इस्त्रीच्या शर्टात. देश एकच होता. फक्त नदीच्या अलीकडच्यांना मत होतं आणि पलीकडच्यांना परीक्षा. कायद्यातला उतारा नोंदणीसाहेबांचं समाधान होईल असा वाचून दाखवायचा. हे समाधान फार नाजूक प्रकृतीचं होतं. नदीपलीकडचं माणूस दिसलं की ते अंथरूण धरायचं.

मास्तरांचा नंबर नववा, बायकोचा दहावा. पहिले पाच पास होऊन आले तेव्हा रांगेला नुसतं उधाण आलं. मग शाळेच्या बाई नापास झाल्या. त्यांच्यामागून पोस्टमन गेला, जो डॉक्टरांचं अक्षरही वाचायचा. तोही नापास. आठव्या नर्सबाई तर आत गेल्या तशाच बाहेर आल्या.

"अहो, घाबरू नका," बायको कुजबुजली. "आणि शहाणपणाही करू नका."

दोन्ही एकदम जमणं मास्तरांना अवघड होतं.

आत साहेबांनी घाईघाईत उतारा पुढे सरकवला, तो उलटा. मास्तरांच्या ते लक्षातही आलं नाही. छापखान्यात सगळं उलटंच समोर येतं. त्यांनी स्वल्पविरामांसकट घडाघडा वाचून काढलं. साहेबांचं लक्ष गेलं तेव्हा ते खूश झाले. कागद उलटा आहे, म्हणजे हा पाठ करून आलाय, नापास.

मास्तरांनी परोपरीनं विनवलं की दुसरं काहीही द्या. साहेब म्हणाले, वेळ नाही. तेवढ्यात मास्तरांची नजर साहेबांच्या कोपराशी पडलेल्या पत्रावर गेली. पत्राचं तोंड साहेबांकडे होतं, म्हणजे मास्तरांना अगदी सोयीचं.

"मग हेच वाचतो," म्हणत त्यांनी खणखणीत आवाज लावला. "गोपनीय. नदीपलीकडील रोज पाच नावे घ्यावीत. सहाव्यापासून सर्वांना..."

साहेबांनी पत्रावर पंजा मारला. पण खिळे जुळवणारा ओळ आधी डोळ्यांनी उचलतो, डोक्यात धरतो, मग हात चालवतो. मास्तरांनी ओळ केव्हाच उचलली होती.

"...नापास करावे. कारण विचारल्यास उच्चार सदोष असल्याचे सांगावे."

दार उघडंच होतं. बाहेरून शाळेच्या बाईंनी वर्गातल्या आवाजात सांगितलं, "मास्तर, शेवटची ओळ पुन्हा एकदा."

मास्तरांनी म्हटली. उच्चार निर्दोष होता.

मग जो कल्ला झाला! पोस्टमन अर्ध्या जिन्यातून परत फिरला, नर्सबाई पुन्हा रांगेत घुसल्या. साहेब मास्तरांना अचानक अहोजाहो करू लागले आणि त्यांनी नाव लिहिलं. मास्तर टेबलापलीकडून एकेक अक्षर तपासत होते. बाहेर येताच त्यांना लोकांनी उचललंच.

बायको आत गेली तेव्हा टेबल लख्ख होतं. पत्र, उतारा, कॅलेंडरसुद्धा कपाटात बंद. फक्त दौत आणि नोंदवही उरली होती.

"काय वाचू?" तिनं विचारलं.

साहेबांनी टेबलाकडे पाहिलं, मग माणसांनी गच्च भरलेल्या दाराकडे. "राहू द्या, बाई. तुम्हाला येत असेलच."

"असेलच कसं?" ती खुर्ची ओढून बसली. "चार महिने उजळणी केलीय. उघडा ते कपाट."